हर्णेची नारळी पौर्णिमा

श्रावणी पौर्णिमेस आम्हां भिक्षुकांच्या ओटीवर पंचगव्य व नवे यज्ञोपवीत, तर हर्णेच्या कोळीवाड्यात सोनेरी वेष्टनाचा नारळ! सुवर्णदुर्गाच्या साक्षीने तो वरुणास अर्पावा, मगच होडी लोटावी, हा पूर्वापार परिपाठ. परंतु शासनाची मासेमारीबंदी ३१ जुलैस संपते. पंचांग आपल्याच गतीने चालते. २०२३ साली अधिक श्रावणामुळे पौर्णिमा ३० ऑगस्टला आली. महिनाभर थांबावे, तर कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. निघावे, तर दर्याचा मान राहिला! शास्त्र विचाराल, तर तिथी पूजेस बांधते, पोटास नव्हे. सायंकाळी पुळणीवरील लिलावात पापलेटांची बोली चढत असता एखादी म्हातारी नारळाचा भाव विचारीत बाजाराकडे वळते. पौर्णिमेस अद्याप तीन आठवडे असतात.