अंगाऱ्याचा नियम : फाशांनी करून पाहायचा एक प्रयोग

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर आसनगावनंतर आटगाव हे स्थानक लागते. आजूबाजूला तानसाचे जंगल, भातखाचरे आणि ठाकूर, कातकरी, वारली समाजांचे पाडे. आवण्या सुरू झाल्या की या शहापूर तालुक्यात आणि शेजारच्या मुरबाडमध्ये सर्पदंशाच्या घटना वाढतात. सापांची बिळे पाण्याने भरतात, ते कोरडी जागा शोधत घराकडे येतात. माणसे दिवसभर अनवाणी चिखलात असतात आणि रात्री जमिनीवर निजतात. सापाचे नाव घेणे अशुभ, म्हणून ‘पान लागलं’ असे म्हटले जाते. आणि पान लागले की अजूनही अनेकदा पहिली धाव भगताकडे असते. देवापुढचा अंगारा मंतरून तो कपाळाला व दंशाच्या जागी लावतो.

वर्गात आपण ‘अंगाऱ्याने विष उतरत नाही’ असे सांगतो, तेव्हा एखादा विद्यार्थी हमखास उठून म्हणतो, “पण सर, माझा काका अंगाऱ्यानेच बरा झाला.” हा मुलगा खोटे बोलत नसतो. काकाला साप चावला होता हे खरे, अंगारा लावला हे खरे आणि काका बरा झाला हेही खरे. मग चूक कोठे आहे? त्याला गप्प बसवून हा प्रश्न सुटत नाही. त्याचे उत्तर वर्गातच, सापशिडीच्या फाशांनी शोधता येते.

नियम लिहिला म्हणजे काय होते?

अंगाऱ्यासारख्या पवित्र, रक्षण करणाऱ्या वस्तू जगभर आहेत. कोठे भस्म, कोठे तीर्थ, कोठे मंतरलेला दोरा. त्यांचा परिणाम नेमका किती, कोणावर आणि किती वेळा होतो हे सहसा कोणी सांगत नाही. मात्र असा नियम लिहिल्याशिवाय चालतच नाही अशी एक जागा आहे; ती म्हणजे खेळ.

अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक खेळाडू योद्धा, जादूगार, पुजारी असे एखादे काल्पनिक पात्र वठवतो आणि प्रसंगांचा निकाल फाशांवर ठरतो. या खेळात ‘पवित्र पाणी’ आहे. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत त्याचा नियम असा : एका कुपीची किंमत २५ सुवर्णनाणी, ती २० फुटांपर्यंत फेकता येते, नेम लागला आणि समोर पिशाच्च किंवा सैतानी प्राणी असेल, तर दोन फाशांवर जेवढे दान पडेल तेवढी इजा होते. दोन फाशांच्या दानाची सरासरी ७ येते. म्हणजे हे पाणी ‘काम करते’ याचा अर्थ आकड्यात सांगता येतो. नियमातून ते काढून टाकले तर खेळाचे निकाल बदलतील, आणि तो बदल मोजताही येईल.

हीच कसोटी अंगाऱ्याला लावू. आपण असा खेळ रचू की ज्याच्या नियमांत अंगाऱ्याला काहीही काम नाही. मग निकाल काय दिसतात ते पाहू.

खेळ करून पाहा

३६ खेळाडू घ्यावेत. मुले कमी असतील तर काहींनी दोनदा खेळावे. निम्म्यांना ‘अंगारा’ लिहिलेली चिठ्ठी द्यावी, निम्म्यांना कोरी. नंतर प्रत्येकाने फासा टाकावा.

पहिला फासा : १ ते ४ पडले तर साप बिनविषारी, ५ किंवा ६ पडले तर विषारी.

दुसरा फासा (फक्त विषारी दंश झालेल्यांसाठी) : १ किंवा २ पडले तर विष शरीरात गेलेच नाही, ३ ते ६ पडले तर विष भिनले.

तिसरा फासा (फक्त विष भिनलेल्यांसाठी) : सम दान पडले तर रुग्ण वाचला, विषम पडले तर दगावला.

हे आकडे खेळापुरते ठरवलेले आहेत, पण त्यामागची गोष्ट खरी आहे. भारतात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांपैकी बहुतेक बिनविषारी आहेत. शेतात वारंवार भेटणारी धामण, पाण्यातला दिवड, घरात शिरणारा कवड्या यांच्या दंशाने माणूस मरत नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी साप आहेत. परंतु विषारी सापही काही वेळा चावताना विष सोडत नाही. त्याला ‘कोरडा दंश’ म्हणतात.

आता हिशेब मांडू. अंगारा मिळालेल्या १८ जणांपैकी सरासरी १२ जणांना बिनविषारी साप चावेल. उरलेल्या ६ पैकी २ दंश कोरडे असतील. विष भिनलेल्या ४ पैकी २ वाचतील. एकूण वाचले १६! भगताचे यश १८ पैकी १६, म्हणजे जवळजवळ ८९ टक्के. एवढ्या यशावर कोणाचाही विश्वास बसेल; खुद्द भगताचाही.

आता कोऱ्या चिठ्ठीवाल्यांकडे वळा. तेथेही १८ पैकी सुमारे १६ जण वाचलेले दिसतील. एखाद-दुसऱ्याचा फरक पडेल, म्हणून खेळ चार-पाच वेळा खेळून बेरीज घ्यावी. पाड्यावर ही कोऱ्या चिठ्ठीची रांग कोणी मांडत नाही. काका वाचला हे सर्वांना दिसते. अंगारा लावला नसता तरी तो वाचला असता का, हे पाहायला दुसरा काका नसतो.

खरी परीक्षा आठ जणांची

३६ पैकी विष भिनलेले सरासरी ८ असतात. उपचाराची परीक्षा या आठांवरच होते. म्हणून दुसरी फेरी खेळा. हे सर्व वेळेवर दवाखान्यात पोचले असे माना, आणि तिसऱ्या फाशाचा नियम बदला : फक्त १ पडला तरच रुग्ण दगावतो. आता आठांपैकी चार नव्हे, एक-दोनच दगावतील. तिसऱ्या फेरीत हेच रुग्ण आधी रात्रभर भगताकडे बसून मग दवाखान्यात आले असे माना. १ किंवा २ पडले तर मृत्यू. आता दोन-तीन दगावतील. अंगाऱ्याची राख अपाय करत नाही. त्यात गेलेला वेळ मात्र करतो.

उशिराने असे का व्हावे? मण्यारीच्या विषाने मेंदूकडून स्नायूंकडे जाणारे संदेश अडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. हे विष मज्जातंतूंच्या टोकांना इजा करून बसले की प्रतिविष ती इजा भरून काढू शकत नाही. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. दवाखान्यात त्याची साधी चाचणी करतात : २ मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवून मग नळी तिरपी करतात. रक्त वाहिले तर विष भिनले आहे असे समजतात. घोड्यांना थोडे थोडे विष टोचून, त्यांच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिद्रव्यांपासून प्रतिविष बनवतात. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी अनेक दशके जोडलेले आहे. कपाळावरची राख त्वचेच्या वरच राहते. विष मात्र आत, ऊतींत आणि रक्तात असते.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मृत्यू पावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे. कायदा रोखण्याला गुन्हा म्हणतो, हे मुलांना नीट समजावून द्यावे. घरच्या माणसांना अंगारा लावायचाच असेल तर तो गाडीत बसल्यावर लावता येतो. जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. चावलेला हात किंवा पाय फळी लावून स्थिर ठेवावा, रुग्णाला चालवू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

खेळ संपल्यावर ‘माझा काका’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यालाच फळ्यावर दोन्ही रांगांची बेरीज मांडायला सांगा. नंतर वर्गाला विचारा : काका नेमक्या कोणत्या फाशाला वाचला असेल? पहिल्या, दुसऱ्या की तिसऱ्या? आणि साप चावला त्या क्षणी, तो कोणत्या फाशाला वाचणार आहे हे घरच्यांना कळायला काही मार्ग होता का? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. म्हणूनच प्रत्येक दंश विषारी मानून दवाखाना गाठायचा. शक्य असेल तर हाच खेळ आवण्यांपूर्वी पालकसभेत खेळावा आणि गावच्या भगतालाही त्यात एक चिठ्ठी द्यावी. रात्री पहिले दार त्याचेच ठोठावले जाते. त्यामुळे रुग्णाला ताबडतोब पुढे पाठवणारा भगत कित्येकांचे प्राण वाचवू शकतो.