भाड्याची खोली : तिघांतला एक निघून गेला तर

डिपॉझिटवर या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं, पण ते पुढच्या वेळी. कर्नाळ्याजवळच्या शिरढोणमधून एका वाचकाचा प्रश्न आला आहे आणि तो थांबवून ठेवण्यासारखा नाही. रसायनी-पाताळगंगा पट्ट्यात कामाला जाणाऱ्या तिघा मित्रांनी मिळून ९,००० रुपयांची खोली घेतली. सगळं तोंडी. एक जण दोन महिन्यांचा वाटा थकवून गाशा गुंडाळून गेला. मालक ते ६,००० आता उरलेल्या दोघांकडे मागतो आहे. ‘आम्ही आमचा वाटा दिला, त्याच्याशी आमचा काय संबंध?’

संबंध आहे. १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम ४३ सांगतं, की अनेकांनी मिळून शब्द दिला असेल आणि वेगळं काही स्पष्ट ठरलं नसेल, तर समोरचा माणूस त्यांतल्या कोणा एकाकडूनही सगळी रक्कम मागू शकतो. ज्याने भरली त्याने ती सोबत्यांकडून सारख्या वाट्याने घ्यायची. कलमाखाली दिलेलं उदाहरण तर मुद्दाम वाचावं असं आहे. अ, ब आणि क मिळून ३,००० देणं लागतात. क सगळे भरतो. अ चं दिवाळं निघालंय, त्याच्या मालमत्तेतून निम्मंच कर्ज फिटतं. मग क ला अ कडून ५००, तर ब कडून १,२५० मिळतात. बुडालेले ५०० उरलेल्या दोघांनी निम्मे-निम्मे सोसायचे!

मात्र हे सगळं ‘मिळून घेतली’ या दोन शब्दांवर उभं आहे. गिरणगावातल्या गावकीच्या खोल्या आठवा. आजरा-चंदगडकडचे गिरणीकामगार एकेका खोलीत दाटीने राहायचे. भाडेपावती एकाच्या नावावर, बाकीचे महिन्याची वर्गणी द्यायचे. अशा व्यवस्थेत घरमालकाचा देणेकरी पावतीवाला. इतरांचा हिशोब त्याच्याशी. तिसरी तऱ्हा कॉट बेसिसची. तिथे मालक प्रत्येकाशी वेगळं ठरवतो, म्हणून शेजारच्या कॉटवरच्याचं भाडं तुमच्या माथी येत नाही. पण तिघांनी आपापले ३,००० परस्पर मालकाच्या खात्यावर टाकले, एवढ्यावरून कॉट बेसिस सिद्ध झालं असं मानू नका. खोली घेताना काय बोलणं झालं, ते महत्त्वाचं.

कागद नसल्याचा तोटा एकट्या भाडेकरूलाच होतो, हा समज मात्र सोडा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. अकरा महिन्यांच्या करारालाही यातून सूट नाही. तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं ठरवायचं तर मालकाने पुरावा द्यायचा. मालकाला शिक्षेचीही तरतूद आहे. शिवाय भाड्याची पावती मागणं हा तुमचा हक्क आहे.

तेव्हा शिरढोणच्या मित्रांनो, तिघांनी मिळूनच खोली घेतली असेल तर थकबाकी भरा, पावती घ्या आणि गेलेल्या मित्राला रकमेसह लेखी कळवा. मालक त्याला ‘तू मोकळा’ म्हणाला असला, तरी कलम ४४प्रमाणे तुमच्याशी असलेल्या देण्यातून तो सुटत नाही. दावा लावायची वेळ आलीच, तर पैसे भरल्यापासून तीन वर्षांच्या आत लावा. त्याच्या वाट्याचं डिपॉझिट अजून मालकाकडे आहे का, हेही कळवा; पुढचा लेख तिथूनच सुरू करतो.