पंपाच्या डिझेल इंजिनाला नवे व्हॉल्व्ह बसविताना

मीरा-भाईंदरमध्ये शहर वाढले, तरी उत्तन, डोंगरी, राई, मुर्धा, मोर्वा या बाजूला पावसाळी भात आणि त्यानंतर विहिरीच्या पाण्यावर भाजीपाला घेणारे शेतकरी आजही आहेत. अशा ठिकाणी पाण्यासाठी डिझेल पंप वापरात असेल, तर ऐन फुलोऱ्यात इंजिन दोन-चार दिवस बंद पडले तरी हातचा तोडा जातो. इंजिन सुरू होण्यास त्रास देऊ लागले व ताकद कमी झाली, की अनेकदा दोष व्हॉल्व्हचा असतो. नवे व्हॉल्व्ह महाग नाहीत. परंतु ते नीट बसविले नाहीत तर नवा खर्चही वाया जातो.

व्हॉल्व्हचे काम

चार फेऱ्यांच्या इंजिनात दट्ट्याच्या दर चार फेऱ्यांत, म्हणजे फ्लायव्हीलच्या दोन फेऱ्यांत, प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो. मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या इंजिनात तो मिनिटाला ७५० वेळा, म्हणजे तासाला ४५ हजार वेळा उघडतो व मिटतो. धुराचा व्हॉल्व्ह फार तापतो. त्याची बहुतेक उष्णता सीटला टेकल्यावर सीटमधून आणि बाकीची गाईडमधून निघून जाते. म्हणून व्हॉल्व्ह सीटवर सर्व बाजूंनी टेकला नाही, तर दाब तर गळतोच, शिवाय व्हॉल्व्हची कड जळते.

किनारपट्टीवर दोन कारणांची भर पडते. विहिरीचे पाणी मचूळ असेल व तेच इंजिन थंड करण्यास वापरले, तर हेडमधील पाण्याच्या वाटांत क्षार साचतात आणि हेड जास्त तापते. खाऱ्या हवेने स्प्रिंगला गंज चढतो. गंजाच्या खड्ड्यातूनच पुढे तडा जातो. चालत्या इंजिनात स्प्रिंग तुटून व्हॉल्व्ह आत पडला, तर दट्ट्या आणि हेड दोन्ही फुटण्याचा धोका असतो.

दोष कसा ओळखावा?

हँडलने इंजिन सावकाश फिरवावे. दाबाच्या फेरीत सायलेन्सरमधून फुसफुस ऐकू आली तर धुराचा व्हॉल्व्ह गळतो. एअर क्लीनरमधून आली तर हवेचा. सुरू करताना निळा धूर दिसत असेल, तर गाईड झिजून तेल आत उतरत असण्याची शक्यता असते.

‘जादा ताकदीचे’ भाग घ्यावेत काय?

शर्यतीच्या मोटारीचे इंजिन मिनिटाला सात हजार फेऱ्यांवर फिरते. तेथे मूळ स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेवर मिटवू शकत नाही. म्हणून कडक स्प्रिंग, हलके व्हॉल्व्ह व जास्त उचल देणारा कॅम बसवितात. आपल्या पंपाच्या इंजिनात हा प्रश्नच नाही. कडक स्प्रिंगने पाणी वाढणार नाही. कॅम, टॅपेट व रॉकर मात्र लवकर झिजतील. फेऱ्या वाढवून पाणी वाढविण्याचा मोहही टाळावा. पंपाच्या फेऱ्या १० टक्क्यांनी वाढल्या तर त्याला लागणारी ताकद सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते व इंजिनावर ताण येतो. सुधारणा करायचीच असेल तर उष्णता सहन करणाऱ्या पोलादाचा धुराचा व्हॉल्व्ह, कठीण सीट-रिंग व चांगले गाईड घ्यावे. भाग आपल्या इंजिनाच्या मॉडेलचेच असावेत.

बसविण्याची पद्धत

१) थंड इंजिनातील पाणी काढून टाकावे. रॉकर, पुश रॉड व नोझल काढून हेडचे नट आडव्या-तिरप्या क्रमाने सैल करावेत. प्रत्येक भागावर खूण करावी.

२) जुनी स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी सपाट जागी उभी करून उंची पाहावी. आखूड, कललेली किंवा गंजाचे खड्डे पडलेली स्प्रिंग परत बसवू नये.

३) नवा व्हॉल्व्ह गाईडमध्ये घालून हलवून पाहावा. खेळ जास्त असेल तर गाईड बदलावे. ढिल्या गाईडमध्ये नवा व्हॉल्व्ह डुलतो व सीटवर सरळ बसत नाही. गाईड बदलल्यावर सीटही त्याच मध्याशी जुळवून कापून घ्यावी. हे काम यंत्रशाळेतच करावे.

४) सीटवर बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावून व्हॉल्व्ह पुढे-मागे फिरवावा व मधूनमधून उचलून जागा बदलावी. सभोवार एकसारखी करडी पट्टी दिसली की थांबावे. पेस्ट दांड्याला लागू देऊ नये. नंतर सर्व भाग रॉकेलने स्वच्छ धुवावेत.

५) दांड्याला तेल लावून व्हॉल्व्ह, स्प्रिंग व लॉक बसवावेत. हेड आडवे करून व्हॉल्व्हमागच्या वाटेत रॉकेल ओतावे. पाच मिनिटांत व्हॉल्व्हच्या तोंडाशी ओल दिसू नये.

६) नवीन गॅस्केट घालून नट तिरप्या क्रमाने, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने माहितीपुस्तिकेतील मापाप्रमाणे आवळावेत.

टॅपेटची फट

फ्लायव्हील फिरविताना धुराचा व्हॉल्व्ह मिटत आणि हवेचा उघडत असतो, ती जागा पाहावी. तेथून बरोबर एक फेरा पुढे नेला, की दट्ट्या दाबाच्या फेरीच्या शेवटी वर येतो व दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. आता पुस्तिकेतील मापाचे फीलर गेज रॉकर व दांड्यामध्ये घालावे. ते किंचित अडत सरकले पाहिजे. लॉकनट आवळल्यावर फट पुन्हा मोजावी.

फट जास्त असेल तर इंजिन टकटक आवाज करून सांगते. कमी असेल तर आवाज होत नाही; पण तापल्यावर दांडा लांबतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. म्हणून आवाज बंद करण्यासाठी फट कमी करू नये.

सुरू करण्यापूर्वी हाताने किमान दोन पूर्ण फेरे द्यावेत. कोठे अडकल्यास जोर न लावता हेड पुन्हा तपासावे. पहिल्या दिवसाच्या कामानंतर इंजिन थंड झाल्यावर फट पुन्हा पाहावी.

पावसाळ्यात इंजिन बंद ठेवताना ते दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेल्या जागी थांबवावे व सायलेन्सरच्या तोंडावर टोपण घालावे. दमट खारी हवा आत शिरत नाही आणि पावसाळा संपल्यावर इंजिन पहिल्या भाजीच्या पाण्याला तयार मिळते.