पुरा, मजालस व क्षेत्रसभा : औरंगाबादच्या नगरव्यवहाराविषयीं कांहीं विचार

(१) औरंगाबाद शहर, ज्याचें नांव २०२३ सालापासून छत्रपति संभाजीनगर झालें, हें पुऱ्यांचें शहर होय. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी वसविली. त्याच्या काळच्या मालोजी, खेलोजी, परसोजी व विठोजी या भोसल्यांचीं नांवें मालपुरा, खेलपुरा, परसपुरा व विठापुरा यांस लागलीं, अशी परंपरा आहे. मोंगलाईंत बिकानेरच्या कर्णसिंहाचा कर्णपुरा, त्याचा पुत्र पद्मसिंह याचा पदमपुरा व मिर्झाराजे जयसिंहाचा जयसिंगपुरा यांची भर पडली. पुऱ्यांच्या नांवांचीं व वेशींचीं टिपणें पुष्कळ झालीं आहेत. परंतु घर, रस्ता व कर यांविषयीं सरकार कांहीं ठरवूं लागलें म्हणजे वस्तीचें म्हणणें कोणीं मांडावें, व तें कोणत्या कागदावर उतरावें, हा प्रश्न संग्राहकांच्याही उपयोगाचा आहे. त्याचा थोडा खुलासा येथें करण्याचें योजिलें आहे.

(२) मोंगली नगरव्यवस्थेंत मोहल्ल्याचा प्रमुख वरून नेमलेला असे. अबुल फजल यानें आईन-इ-अकबरींत कोतवालाचीं कर्तव्यें दिलीं आहेत. त्यानें घरांची व रहदारीच्या रस्त्यांची नोंद ठेवावी, रहिवाशांकडून परस्परसाह्याची हमी घ्यावी, शहराचे मोहल्ले पाडून प्रत्येकावर एक शहाणा माणूस नेमावा, आणि मोहल्ल्यांत कोण आला व कोण गेला याची रोजची हकीकत त्याच्याकडून घ्यावी, असा त्याचा आशय आहे. या रीतींत खालून वर जाते ती बातमी, मत नव्हे. म्हणून कोतवालीचा एखादा कागद हातीं आला असतां त्यांतील मोहल्ल्याचा प्रमुख हा लोकांचा प्रतिनिधि होता असें अनुमान एकदम करूं नये.

(३) मराठी मुलुखांतील पेठेचा व्यवहार याहून निराळा. पेठ वसवावयाची असतां सरकारांतून कौल मिळे. शेट्यानें उदमी व कसबी लोक आणावे, त्यांना जागा नेमून द्याव्या, आणि सरकारानें जकात, मोहतर्फा यांसारखे कर कांहीं वर्षें माफ करावे, असा दुतर्फा करार त्यांत असे. कौल न पाळला तर उदमी अन्यत्र जाण्याची भीति, व पेठ ओस पडली म्हणजे वसूल बुडण्याची भीति. शेटे-महाजनांच्या शब्दाला वजन आलें तें यामुळें. वतनाचा किंवा जागेचा तंटा पडला म्हणजे मजालस बसे व महजर होई. त्यांत हाजिर असलेल्यांचीं नांवें व सहीच्या जागीं पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, सुताराचें किंकरें अशा निशाण्या येत. निर्णय काय झाला एवढेंच नव्हे, तर तो कोणासमक्ष झाला, हें महजर सांगतो. कोण हाजिर नव्हतें हेंही त्याच यादीवरून कळतें. शेटे पेठेच्या वतीनें बोले खरा. परंतु तो मुख्यत्वें उदम्यांचा माणूस. भाड्यानें राहणाऱ्याचें म्हणणें त्याच्या तोंडून निघेलच असें नाहीं.

(४) आतां आजच्या व्यवस्थेकडे वळूं. औरंगाबादची महानगरपालिका १९८२ सालीं झाली. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ति १ जून १९९३ पासून अमलांत आली व तीन लाख किंवा अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या आवश्यक ठरल्या. महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणें प्रभाग समितींत तेथील नगरसेवक, प्रभागाचा अधिकारी व लोकसंस्थांतून घेतलेले जास्तींत जास्त तीन सभासद असतात. पाणी, गटारें, साफसफाई यांच्या तक्रारींचें निवारण करणें व प्रभागापुरत्या खर्चाच्या अंदाजावर शिफारस करणें हें तिचें काम. पुढें २००९ सालीं मतदानकेंद्राच्या यादीवरील मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद कायद्यांत आली. जुन्या मजालशीशीं हिचेंच नातें अधिक जवळचें आहे. भेद इतकाच कीं येथें बसण्याचा हक्क वतनानें येत नाहीं, मतदारयादीनें येतो. त्यामुळें भाडेकरूसही जागा मिळते.

(५) या सभांपुढें यावयाचे विषय तीन. पहिला कराचा. मालमत्ता-कराचे दर दरसाल २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावयाचे असतात. वस्तीस बोलावयाचें तर तें त्याच्या आधीं. देयक दारीं आल्यावर केलेली तक्रार ही एका घराची अर्जी होते. दुसरा घरांचा. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यांचे तुकडे पाडून झालेल्या वस्त्या या शहरांत पुष्कळ आहेत. त्या नियमित करण्याचा कायदा २००१ सालीं झाला, व २०२१ च्या दुरुस्तीनें मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविली. घर या तारखेच्या आंतलें कीं नंतरचें, यावर कुटुंबाचें छप्पर अवलंबून! शुल्क ज्याचें तो भरतो. पण रस्ता व गटार हीं सर्वांचीं, आणि वस्ती केव्हां उठली याची साक्षही शेजारच देऊं शकतो. तिसरा विषय वाहनें उभीं करण्याचा. गुलमंडीसारख्या जुन्या बाजारांत गिऱ्हाइकाच्या गाडीस जागा द्यावी असें दुकानदार म्हणणार, दार मोकळें असावें असें रहिवासी म्हणणार, व हातगाडीवाला आपली जागा मागणार. यांतील एकाचेंच म्हणणें मोहल्ल्याचें म्हणून लिहिलें गेलें, तर शेट्याचीच चूक पुन्हां होईल.

(६) २०२० च्या एप्रिलांत या महानगरपालिकेच्या नगरसेवकांची मुदत संपली, आणि त्यानंतर कित्येक वर्षें कारभार प्रशासकाकडे राहिला. प्रभाग समिति नगरसेवकांचीच बनलेली असल्यामुळें घरधनी व प्रशासक यांच्यामध्यें निवडलेलें असें कोणी उरलें नाहीं. कोतवालीच्या रीतींत जो दोष दिसतो तो हाच. वस्तीची माहिती सरकारांत जाते, वस्तीचा विचार जात नाहीं.

(७) तात्पर्य, मोहल्ल्याच्या मताला दोन गोष्टींनीं बळ येतें. तें निर्णयापूर्वीं घेतलें जावें, व बोलणाऱ्यांच्या नांवांनिशीं लिहिलें जावें. पहिली गोष्ट नागरिकांच्या हातची. दुसरींत संग्राहकांचें साह्य होण्यासारखें आहे. राजपूत सरदारांच्या पुऱ्यांचे कागद बिकानेरच्या अभिलेखागारांत शोधावे, जुन्या घराण्यांच्या दप्तरांतून कौल व महजर मिळवावे, हें तर आहेच. पण वस्तीच्या सभेचें इतिवृत्त, हरकतींचा अर्ज, भूखंड विकल्याचा मुद्रांक-कागद, हेही आमच्या संग्रहांत आले पाहिजेत. शेंदोनशें वर्षांनीं या शहरांत कोणाचें ऐकलें गेलें असें कोणी विचारील, तेव्हां हाजिर असलेल्यांची यादी निदान सांपडावी.