‘मेल्या’: एका मालवणी शिवीचे कूळ आणि शील

मालवणच्या किनाऱ्यावर रापणीच्या जाळ्याचा दोर ओढणारे गडी एकमेकांना, आणि जेवणवेळ टळल्यावर घरी येणाऱ्या मुलाला त्याची आवस (आई), ज्या एका शब्दाने हाक मारतात, तो ‘मेल्या’ हा शब्द परमुलखातील माणसाच्या कानी पडला, म्हणजे इतक्या मायाळू माणसांनी परस्परांचे मरण चिंतावे याचे त्याला मोठे आश्चर्य वाटते.

शब्दाची व्युत्पत्ती निःसंशय अशुभ आहे. संस्कृत ‘मृत’ प्राकृतात ‘मअ’ झाला, त्याला ‘इल्ल’ प्रत्यय लागून मराठीचा ‘मेला’ सिद्ध झाला. ‘मृतक’ या रूपापासून ‘मढे’ आले. आणि फारसीतून आलेला ‘मुर्दा’, ज्याचा आपण ‘मुडदा’ केला, तोही मूळच्या त्याच भारत-इराणी धातूचा वंशज आहे.

उच्चारलेली वाणी खरी होते, अशी श्रद्धा होती त्या काळी शिवी म्हणजे साक्षात शापच असे. शिलाहारांच्या राजवटीत कोकणातील दानाच्या शिळांवर, दान हिरावून घेणाऱ्यास उद्देशून, गाढवाच्या चित्रासह अभद्र शाप कोरीत. या शिळांना ‘गधेगाळ’ म्हणतात, आणि पुढे सनदेवरील शिक्क्याला जी जरब आली, ती तेव्हा या शापवाणीला होती. ‘तुका फटकी येवंदेत’ या मालवणी शिवीतील फटकी म्हणजे पटकी, कॉलरा; त्या साथीत घरेच्या घरे बसलेली ज्यांनी पाहिली, त्यांना हे उद्गार किती दाहक वाटत असतील!

नित्याच्या वापराने मात्र ‘मेल्या’तील मृत्यू झिजला आणि आपलेपणाचा हक्क तेवढा शिल्लक राहिला. या हक्कालाही मर्यादा आहे. ‘मेल्या, खय होतस इतके दिस?’ असे बरोबरीच्याला वा धाकट्याला विचारावे. सासऱ्याला किंवा अनोळखी पाहुण्याला तसे म्हणणे हा उघड अपमान होय, आणि भांडणात आवाज चढला की त्याच शब्दातील जुने विष पुन्हा जागे होते.

१९८० साली रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ नाटकाने आणि मच्छिंद्र कांबळी यांच्या अभिनयाने ही बोली महाराष्ट्रभर लोकप्रिय केली, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु तेवढ्यावरून तिला शिव्यांची व हशाची बोली समजणे हा तिच्यावर घोर अन्याय आहे. शब्द शिवी ठरावा की लाड, याचा निवाडा बोलणाऱ्यांचे नाते करीत असते. म्हणून मालवणी शिकू इच्छिणाऱ्याने तिचे शब्द पाठ करण्यापूर्वी तिच्या माणसांत चार दिवस राहावे.