नाटकाचा खर्च कोणी सोसावा? लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या कारकिर्दीचा ताळेबंद

शेक्सपिअरचे 'हॅम्लेट' सतराव्या शतकाच्या आरंभी रंगमंचावर आले, तेव्हा ते सादर करण्यास जितकी माणसे आणि जितके तास लागत, जवळजवळ तितकीच माणसे आणि तितकेच तास ते आजही मागते. दरम्यानच्या काळात कापड गिरणीतील एका कामगाराचे उत्पादन कित्येक पटींनी वाढले. नटाचे वाढले नाही आणि वाढणारही नाही. गिरणी कामगाराची वाढलेली मजुरी वाढलेल्या उत्पादनातून भरून निघते. नटालाही इतरांच्या बरोबरीने वेतन द्यावे लागते. ते भरून काढण्यास तिकिटाचे दर वाढवण्याखेरीज नाट्यगृहापाशी दुसरे साधन नसते. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली हा पेच सविस्तर मांडला. परंतु त्याच्या किती तरी आधीपासून एक इंग्रज नट हा पेच प्रत्यक्ष जगत होता. लॉरेन्स ऑलिव्हिए यांची कारकीर्द अभिनयाच्या इतिहासात अभ्यासली जाते, ते योग्यच आहे. पण रंगभूमीचा खर्च अखेर कोणाच्या खात्यावर पडतो, हे समजून घेण्यासाठीही ती अभ्यासण्यासारखी आहे.

ऑलिव्हिए यांचा जन्म २२ मे १९०७ रोजी सरे परगण्यातील डॉर्किंग या गावी झाला. वडील धर्मोपदेशक आणि काटकसरी. मुलगा बारा वर्षांचा असताना आई वारली. थोरला भाऊ १९२४ साली रबराच्या मळ्यावर नोकरीसाठी हिंदुस्थानात निघून गेला, तेव्हा धाकट्यानेही आपण मागोमाग कधी जायचे असे वडिलांना विचारले. वडिलांनी त्याला वेड्यात काढून तो रंगभूमीवर जाणार असल्याचे सांगितले, अशी आठवण ऑलिव्हिए यांनी लिहून ठेवली आहे. मात्र या उदार परवानगीला एक व्यवहारी अट जोडलेली होती. एल्सी फोगर्टी यांच्या नाट्यशाळेत नुसता प्रवेश मिळवून भागणार नव्हते. शिक्षणाचा आणि राहण्याचा खर्च भागेल अशी शिष्यवृत्तीही मिळवायची होती. ती त्यांनी मिळवली. म्हणजे विसाव्या शतकातील या अग्रगण्य नटाचे शिक्षणच दुसऱ्याच्या पैशावर झाले.

पुढील पंधरा वर्षांत त्यांनी दोन्ही वाटा चोखाळल्या. १९३५ साली जॉन गिलगुड यांच्यासमवेत त्यांनी 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधील रोमिओ आणि मर्क्युशिओ या भूमिका आलटूनपालटून केल्या. १९३७ साली ओल्ड व्हिक या नाट्यगृहात ते हॅम्लेट म्हणून उभे राहिले. त्यानंतर हॉलिवूडच्या 'वदरिंग हाइट्स' (१९३९) आणि 'रिबेका' (१९४०) या चित्रपटांनी त्यांचे नाव जगभर पोहोचवले. दार्जिलिंगला जन्मलेल्या अभिनेत्री व्हिव्हियन ली यांच्याशी त्यांचा विवाह झाला तोही १९४० सालीच. चित्रपटातील अभिनय एकदा चित्रित झाला की हजारो पडद्यांवर दाखवता येतो. नाटकाला जे कधीच साधत नाही ते, म्हणजे त्याच श्रमात अनेक पटींनी अधिक प्रेक्षक मिळवणे, येथे सहज साधते. एकाच माणसाच्या एकाच गुणाला दोन बाजारांत दोन अगदी निराळ्या किमती मिळतात, त्या यामुळे.

युद्धकाळात या प्रश्नाचे एक नवे उत्तर पुढे आले. नाट्य, संगीत आणि चित्रकला यांना साहाय्य देणारे एक मंडळ ब्रिटनमध्ये १९४० साली स्थापन झाले. १९४२ साली त्याच्या अध्यक्षपदी जॉन मेनार्ड केन्स आले. बेकारीच्या काळात सरकारने खर्च करावा असे सांगणारे म्हणून केन्स विद्यार्थ्यांना परिचित असतात. त्यांची पत्नी लिडिया लोपोकोव्हा बॅले नर्तकी होती आणि केंब्रिजमधील आर्ट्‌स थिएटर त्यांनी स्वतः पुढाकार घेऊन १९३६ साली उभारले होते, ही बाजू फारशी सांगितली जात नाही. त्याच मंडळातून १९४६ साली ब्रिटनची कला परिषद निर्माण झाली. परंतु तिला सनद मिळण्यापूर्वीच केन्स यांचे निधन झाले होते.

या सार्वजनिक आधारावर १९४४ साली ओल्ड व्हिक कंपनी लंडनच्या न्यू थिएटरमध्ये नव्याने उभी राहिली. नौदलाच्या विमान दलातून मुक्त होऊन आलेले ऑलिव्हिए, राल्फ रिचर्डसन आणि जॉन बरेल हे तिचे तीन संचालक. त्या हंगामातील ऑलिव्हिए यांचा तिसरा रिचर्ड, आणि पुढच्या वर्षी एकाच रात्री प्रथम ग्रीक शोकांतिकेतील ईडिपस व लगेच प्रहसनातील मिस्टर पफ, या भूमिकांची आठवण इंग्रजी रंगभूमीने कायम जपली. त्याच सुमारास त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला 'हेन्री द फिफ्थ' (१९४४) आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवणारा 'हॅम्लेट' (१९४८) पडद्यावर आले. १९४७ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला. आणि १९४८ साली कंपनीला घेऊन ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडचा दौरा करीत असताना, तिघा संचालकांचे करार पुढे वाढवले जाणार नाहीत, असे ओल्ड व्हिकच्या नियामक मंडळाचे पत्र त्यांच्या हाती पडले! सार्वजनिक संस्था कृतज्ञ असतेच असे नाही, हा धडा त्यांना लवकर मिळाला.

मग खाजगी व्यवस्थेचा अनुभवही त्यांनी घेतला. १९५० पासून काही वर्षे त्यांनी लंडनचे सेंट जेम्सेस थिएटर स्वतःच्या जबाबदारीवर चालवले. काही प्रयोग गाजले, पण एकूण हिशेब जमेच्या बाजूला राहिला नाही. १९५७ साली त्या जागी कचेऱ्यांची इमारत उभारण्याचे ठरले. व्हिव्हियन ली यांनी थेट लॉर्ड्‌स सभागृहाच्या प्रेक्षक कक्षातून उभे राहून निषेध केला. त्यांना बाहेर नेण्यात आले आणि नाट्यगृह पाडले गेले. त्या जमिनीला कचेरीकडून जे भाडे मिळू शकत होते, ते कोणतेही नाटक देऊ शकत नव्हते. बाजाराने हा निर्णय कोणाचाही द्वेष न करता घेतला. बाजाराची ही निर्विकार वृत्तीच रंगभूमीची खरी अडचण आहे.

सरकारी उत्तरही काही तत्परतेने मिळाले नाही. राष्ट्रीय नाट्यगृहासाठी दहा लाख पौंडांपर्यंत खर्च करण्यास अनुमती देणारा कायदा पार्लमेंटने १९४९ साली केला. १९५१ साली कोनशिलाही बसली. पण १९६१ साली अर्थमंत्री सेल्विन लॉइड यांनी हा खर्च देशाला परवडणारा नसल्याचे जाहीर केले. लंडन कौंटी कौन्सिलने आर्थिक वाटा उचलण्याची तयारी दाखवली, तेव्हा कोठे गाडी पुढे सरकली. १९६२ साली ऑलिव्हिए नॅशनल थिएटरचे पहिले संचालक झाले. स्वतःची इमारत नसल्याने ओल्ड व्हिकमध्येच २२ ऑक्टोबर १९६३ रोजी, पीटर ओटूल यांना हॅम्लेटच्या भूमिकेत घेऊन, संस्थेचा पहिला प्रयोग झाला. कार्यालय होते जवळच्या तात्पुरत्या खोपट्यांत. मॅगी स्मिथ, डेरेक जॅकोबी, मायकेल गॅम्बन, अँथनी हॉपकिन्स ही पुढे जगप्रसिद्ध झालेली मंडळी याच संस्थेत घडली. टॉम स्टॉपर्ड यांच्यासारख्या तरुण लेखकाला १९६७ साली लंडनचे मोठे व्यासपीठ मिळाले तेही येथेच. कोणत्या नवोदितावर पैसा लावणे किफायतशीर ठरेल, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. तो धोका पत्करण्याची ताकद अनुदानामुळे आली.

मात्र अनुदानाने सगळा खर्च भागला असे मानणे ही दिशाभूल ठरेल. त्यातील एक मोठा भाग स्वतः ऑलिव्हिए यांनी भरला. चित्रपटांत जे सहज मिळाले असते त्याच्या तुलनेने अल्प वेतनावर त्यांनी दहा वर्षे ही संस्था चालवली. याच काळात त्यांना रंगमंचाच्या भीतीने ग्रासले. 'ऑथेल्लो'च्या प्रयोगांत सहनटाने विंगेत आपल्या नजरेसमोर उभे राहावे, अशी विनंती करण्याची वेळ त्यांच्यावर आली. (गोऱ्या नटाने काळा रंग फासून केलेली ती भूमिका आज कोणी स्वीकारणार नाही, हेही नमूद केले पाहिजे.) १९६७ साली त्यांना कर्करोग झाला. १९७३ साली पीटर हॉल यांच्याकडे सूत्रे गेली. उत्तराधिकारी निवडताना संस्थापकाचे मत विचारण्याचे सौजन्यही दाखवले गेले नव्हते. थेम्सच्या दक्षिण तीरावरील नवी इमारत १९७६ साली खुली झाली. तिच्यातील सर्वांत मोठ्या रंगमंचाला ऑलिव्हिए यांचे नाव देण्यात आले. त्या रंगमंचावर ते एकदाच उभे राहिले, तेही २५ ऑक्टोबर १९७६ रोजी राणीच्या उपस्थितीत झालेल्या उद्घाटन समारंभात भाषण करण्यासाठी.

त्यांच्या अखेरच्या वर्षांतील 'द बेट्सी' (१९७८) आणि 'इंचॉन' (१९८१) यांसारख्या सुमार चित्रपटांबद्दल समीक्षकांनी नाके मुरडली. कुटुंबासाठी पैसा हवा म्हणून आपण ही कामे घेतो, हे ऑलिव्हिए यांनी लपवले नाही. शरीर खंगलेले, मुले लहान आणि हाताशी मोठी शिल्लक नाही, अशा माणसाने कष्टाची वर्षे जेथे कमी दाम होते तेथे घालवली होती. त्याची वसुली उतारवयात अशी करावी लागली. ११ जुलै १९८९ रोजी त्यांचे निधन झाले आणि वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांच्या अस्थींना जागा मिळाली.

खाण कामगाराच्या करातून लंडनच्या सुखवस्तू प्रेक्षकाचे तिकीट स्वस्त का करावे, हा आक्षेप वजनदार आहे. त्याला प्रामाणिक उत्तर एकच: नाटक राजधानीबाहेर त्या कामगारापर्यंत पोहोचले पाहिजे. युद्धकाळात याच मंडळाच्या साहाय्याने वेल्समधील खाणवस्त्यांत शेक्सपिअरचे प्रयोग झाले होते. २००९ पासून नॅशनल थिएटर आपले प्रयोग दूरदूरच्या चित्रपटगृहांत थेट दाखवू लागले, हेही त्याच दिशेने टाकलेले पाऊल. यंत्राने प्रेक्षक वाढवले. नट घडवण्याचा खर्च मात्र यंत्राने कमी झालेला नाही. तो कर देणारा देईल, दाता देईल, नाही तर नट आपल्या आयुष्यातून देईल. समाजाने वही उघडून आपला वाटा लिहिला नाही, तर सगळी रक्कम निमूटपणे तिसऱ्याच्याच नावे पडते.