इन्सुलिन टोचताना : लाल टोपण की केशरी?

वॉर्डातील सिस्टर इंजेक्शन देण्याआधी पेशंटला त्याचे नाव विचारते, केसपेपर पाहते, बाटलीवरचे लेबल पुन्हा वाचते. नातेवाइकांना वाटते, उगाच वेळ काढते आहे. प्रत्यक्षात ती पाच गोष्टी जुळवून पाहत असते : पेशंट, औषध, मात्रा, देण्याचा मार्ग आणि वेळ. आता इन्सुलिन घरोघरी टोचले जाते. म्हणजे सिस्टरचे हे काम घरच्या सुनेवर, मुलावर किंवा खुद्द पेशंटवर येऊन पडते. तेव्हा तिची शिस्तही घरी यायला हवी.

सर्वांत घातक चूक सिरिंजची होते. आपल्याकडे बाटलीतील इन्सुलिन बहुधा ४० युनिटचे असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. त्याच्या सिरिंजचे टोपण लाल असते. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज वेगळी, तिचे टोपण केशरी. समजा, १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरले, तर अंगात २० ऐवजी ५० युनिट जातात. अडीचपट! उलट, ४० चे इन्सुलिन केशरी टोपणाच्या सिरिंजने तेवढेच घेतले, तर जेमतेम ८ युनिट जातात आणि साखर उतरत नाही. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दर वेळी जुळवून पाहा. पेनमधले इन्सुलिन तर सिरिंजने कधीच ओढू नका. माझ्या दवाखान्यात येणाऱ्यांना मी बाटली आणि सिरिंज दोन्ही बरोबर आणायला सांगतो.

टोचण्यापूर्वी साखर तपासा आणि स्वयंपाक तयार आहे ना, हे बघा. साधे रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घेतात. सुई टोचली आणि जेवण लांबले, की साखर घसरते. एकादशीचा उपास असो वा उलट्या होत असोत, मात्रा मनाने ठरवू नका आणि इन्सुलिन परस्पर बंदही करू नका. डॉक्टरांना विचारा.

टोचल्यावरही लक्ष हवे. दरदरून घाम, हातांना कंप, छातीत धडधड, अचानक भूक, असंबद्ध बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे. साखर ७० च्या खाली असेल, किंवा तपासायची सोय नसेल, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. कमीच असेल तर पुन्हा साखर द्या. बरे वाटल्यावर पोळी किंवा भात खायला द्या. पेशंट बेशुद्ध असेल, तर मात्र तोंडात काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा आणि तडक दवाखाना गाठा.

शेवटी एक साधी सवय. इन्सुलिन दिल्याबरोबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळ आणि युनिट लिहा. सकाळी मुलाने दिले आणि सुनेने पुन्हा दिले, असे मग होणार नाही.